टेक्सासच्या छोट्या गावात मुलाला अमेरिकन फुटबॉलला पाठवताना: दडपण कुठून येतं आणि ऑगस्टच्या आधी काय ठरवून ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमधलं पाच-सहा हजार वस्तीचं गाव. मुलगा ऑगस्टमध्ये नववीत जाणार, अंगापिंडाने थोराड. शाळेच्या कोचनी स्वतः घरी फोन करून त्याला अमेरिकन फुटबॉलच्या (लंबगोल चेंडूचा, अंगावर टकरी घेण्याचा खेळ) टीममध्ये पाठवा असं सांगितलं. आईवडील मूळचे अकोल्याचे, वडील गावातल्याच रुग्णालयात डॉक्टर. पाठवावं का, गावाचं दडपण कितपत असतं आणि नाही म्हटलं तर मुलगा एकटा पडेल का, हे त्यांना विचारायचंय.

पाठवायला हरकत नाही, पण काही प्रश्नांची उत्तरं सराव सुरू होण्याआधी मिळाली पाहिजेत. ती मिळाली नाहीत, तर पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. या दडपणामागे कोणी एक दुष्ट माणूस नसतो. कोच, शिक्षक, शेजारी, बँकेतली बाई, मुलाचे मित्र असे सगळे चांगल्या मनाने थोडं थोडं ढकलत असतात. म्हणून शुक्रवारी रात्री मैदानाच्या कडेला उभं राहून त्याला विरोध करता येत नाही. जे ठरवायचं ते मे-जूनमध्ये, आणि ज्याची नोकरी किंवा प्रतिष्ठा त्या स्कोअरवर अवलंबून नाही अशा माणसाने ठरवायचं.

आधी गावाचं गणित समजून घ्या. टेक्सासमधल्या सरकारी शाळांचे सामने यूआयएल या संस्थेच्या नियमांनी चालतात. विद्यार्थिसंख्येनुसार शाळांचे १ए ते ६ए असे गट पडतात आणि दर दोन वर्षांनी ते नव्याने ठरतात. तुमच्या गावची शाळा बहुधा ३ए मध्ये असेल. अगदी छोट्या १ए शाळा सहा-सहा जणांचं फुटबॉल खेळतात. ६ए शाळेकडे शंभराहून जास्त मुलं असतात, एक जखमी झाला तर मागे दुसरा तयार असतो. ३ए शाळेच्या मुख्य टीममध्ये, म्हणजे व्हर्सिटीत, जेमतेम तीस-पस्तीस मुलं असतात. त्यातली सहा-सात चांगली मुलं आक्रमणात खेळतात, बचावात खेळतात आणि किकच्या वेळीही मैदानातच असतात. बारा-बारा मिनिटांचे चार क्वार्टर, प्रत्येक बाजूचे साधारण साठ डाव (डाव म्हणजे चेंडू सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतची एक झटापट). म्हणजे अशा मुलाच्या अंगावरून एका रात्रीत शंभरावर टकरी जातात. चौथ्या क्वार्टरला पाय जड होतात, गुडघे वाकत नाहीत, मान खाली जाते आणि मुलगा खांद्याऐवजी डोक्याने टॅकल करायला, म्हणजे समोरच्याला धडकून पाडायला लागतो. मानेच्या आणि मेंदूच्या वाईट दुखापती तिथेच होतात. छोट्या गावातलं दडपण भावनिक वाटत असलं तरी त्याचं मूळ या संख्येत आहे. बदली खेळाडू नसला की प्रत्येक दुखापत 'थोडी'च वाटू लागते.

त्यात शुक्रवारची रात्र. १९६१ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे हायस्कूल-कॉलेजच्या मोसमात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी व्यावसायिक सामन्यांच्या दूरदर्शन प्रक्षेपणावर आडकाठी आली, म्हणून ती रात्र शाळांच्या वाट्याला राहिली. गावात त्या रात्री दुसरं काही नसतं. दुकानांच्या काचांवर टीमचं नाव रंगवलेलं असतं, खेळाडूंच्या घरापुढे त्यांच्या नंबरची पाटी लागते, दुपारी शाळेत पेप रॅली, म्हणजे टीमला चेतवायचा मेळावा होतो. मुख्य कोच बऱ्याचदा शाळेचा अथलेटिक डायरेक्टर, म्हणजे खेळ विभागाचा प्रमुखही असतो. त्याचा करार वर्ष-दोन वर्षांचा, त्याची मुलं याच शाळेत आणि नियमित मोसमात सामने फक्त दहा. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, पहिल्या चार टीम प्लेऑफला (बाद फेरीला) जातात. चौथा आणि पाचवा यांच्यातला एक सामना त्याच्या नोकरीचा प्रश्न होऊ शकतो. हे ध्यानात ठेवलं तर त्याच्यावर राग येणार नाही, पण वैद्यकीय निर्णय त्याच्या हातात का द्यायचा नाही तेही कळेल.

नववीच्या मुलासाठी कोचला पहिला प्रश्न हा विचारा: याला व्हर्सिटीत घेणार का? मोठ्या शाळांत नववीची वेगळी टीम असते. छोट्या शाळेत फार तर व्हर्सिटी आणि ज्युनिअर व्हर्सिटी, म्हणजे जेव्ही. यूआयएलच्या नियमाप्रमाणे १ सप्टेंबरला १९ वर्षं पूर्ण न झालेला मुलगा खेळू शकतो, आणि काही मुलं खालच्या वर्गांतच एक वर्ष मागे राहिलेली असतात, म्हणजे बारावीत ती वयाने आणि अंगाने मोठी असतात. तुमच्या चौदा वर्षांच्या मुलासमोर जवळपास एकोणीस वर्षांचा, १२० किलोचा लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत टकरी घेणारा खेळाडू, उभा राहू शकतो. उंची तेवढी असली तरी त्या वयात मानेचे स्नायू आणि हाडांच्या वाढीच्या जागा तयार झालेल्या नसतात. पहिलं वर्ष जेव्हीत, गुरुवारचे सामने खेळून काढणं हेच योग्य. थेट व्हर्सिटीत बोलावणं हा मोठा मान समजला जातो आणि नेमका म्हणूनच तो नाकारायला जड जातो. तेव्हा 'या वर्षी फक्त जेव्ही' हे आधीच ठरवा आणि ते मुलाने नाही, तुम्ही कोचला सांगा.

दुसरा प्रश्न: सरावाला लायसन्स असलेला अथलेटिक ट्रेनर रोज हजर असतो का? हा जिममधला ट्रेनर नव्हे. दुखापत ओळखणं, प्रथमोपचार आणि पुनर्वसन याचं शिक्षण घेतलेला तो आरोग्य व्यावसायिक असतो. बऱ्याच छोट्या शाळांत तो नसतो, किंवा फक्त शुक्रवारच्या सामन्याला कुठल्या तरी क्लिनिकमधून येतो. टकरी मात्र सरावातही होतात. तो नसेल तर मंगळवारी-बुधवारी 'याला बाहेर बसवा' असं म्हणणारं कोणीही नसतं. त्याचा पगार कोण देतं आणि त्याचा वरिष्ठ कोण, हेही विचारा. तो मुख्य कोचच्या हाताखाली असेल तर त्याचं 'नाही' किती टिकतं, हे गावातल्या जुन्या पालकांना माहीत असतं.

आता ऑगस्ट. माझ्या मते सगळ्यात कमी लेखला जाणारा धोका हाच आहे, आणि मराठी घरांत त्याची एक खास अडचण आहे.

सराव ऑगस्टच्या सुरुवातीला, चाळिशीला टेकलेल्या उन्हात सुरू होतो. यूआयएलच्या नियमाप्रमाणे पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हेल्मेट आणि खांद्याचे पॅड, पूर्ण साहित्य आणि टक्कर पाचव्या दिवसापासून. एका दिवशी दोनदा सराव असेल तर लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनदा घेता येत नाही. हे नियम शरीर उन्हाला सरावावं म्हणून आहेत, आणि त्याला १० ते १४ दिवस लागतात. 'आम्ही विदर्भातल्या उन्हाळ्यात वाढलो' याचा मुलाला काडीचा उपयोग नाही. ही सवय रक्तातून येत नाही, ज्याची त्याने करायची असते आणि दोन-तीन आठवडे वातानुकूलित घरात बसलं की ती उतरते. आपली कुटुंबं जून-जुलैत भारतात जातात आणि शाळा उघडायच्या तोंडावर परततात. पावसाळी हवेतून, झोपेचं घड्याळ बिघडलेल्या अवस्थेत, पोट बिघडलेलं असताना मुलगा थेट टेक्सासच्या मैदानावर उतरला, तर उष्माघाताची सगळी तयारी झाली म्हणून समजा. म्हणून परतीचं तिकीट सराव सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधीचं काढा. परत आल्यावर रोज संध्याकाळी उन्हात आधी २० मिनिटं चालणं, मग हळूहळू ४५ मिनिटांपर्यंत चालणं-धावणं. जुलाब किंवा ताप असेल त्या दिवशी सराव नाही, आणि बरं झाल्यावरही एक दिवस नाही. एडीएचडीची (लक्ष टिकत नाही, अतिचंचलपणा असा त्रास) उत्तेजक औषधं आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या शरीराची उष्णता वाढवतात किंवा घाम कमी करतात. मुलगा काही घेत असेल तर ट्रेनरला सांगून ठेवा.

जुलैतल्या व्यायामसत्रांवरूनही गावात कुजबुज होते. ती कागदावर ऐच्छिक असतात, पण कोण आलं आणि कोण नाही ते सगळे बघत असतात. कोचला मेमध्येच तारखांसह ईमेल करा: अमुक तारखेपर्यंत भारतात आहोत, अमुक तारखेला परत येतोय, तिथे आठवड्यातून चार दिवस व्यायाम करेल. लिहून कळवलं की बहुतेक कोच ते मान्य करतात. न सांगता गेलेल्या मुलावर मात्र 'बांधिलकी नाही' असा शिक्का बसतो आणि तो भरून काढण्यासाठी पहिल्याच आठवड्यात मुलगा जिवावर उदार होऊन पळतो.

घरी वजनकाटा ठेवा. सरावाच्या आधी आणि नंतर, कोरड्या कपड्यांत वजन. २ टक्क्यांपेक्षा जास्त घटलं, म्हणजे ७० किलोच्या मुलाचं १.४ किलोहून जास्त, तर त्याने पुरेसं पाणी प्यायलेलं नाही. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, पण पुढच्या काही तासांत विभागून. मीठ घातलेलं लिंबू सरबत त्यासाठी उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वजन भरून आलं नाही तर त्या दिवशी सराव हलका. उलट टोकही धोक्याचं आहे: पेटके येतात म्हणून तासाभरात लिटरवर लिटर पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्यानेही मुलं दगावली आहेत. वजन सरावानंतर वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय.

मैदानावर बर्फाच्या पाण्याचा टब भरून ठेवतात का, हे जाऊन डोळ्यांनी पाहा. श्रमाने आलेल्या उष्माघातात मुलगा बडबडतो, अडखळतो, उगाच चिडतो, आणि बऱ्याचदा त्याला घाम येतच असतो. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, या समजुतीने वेळ जातो. शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. पॅड काढून त्याला मानेपर्यंत टबात बसवायचं, पाणी ढवळत राहायचं, रुग्णवाहिकेला फोन करायचा, पण तापमान साधारण ३९ अंशांपर्यंत खाली येईपर्यंत त्याला टबातून काढून गाडीत घालायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात थंड केलं तर मुलगा जवळपास नक्की वाचतो. आधी रुग्णालयात नेऊ, मग बघू, असं केलं की तो अर्धा तास रस्त्यात जातो. छोट्या गावात रुग्णवाहिका वीस-पंचवीस मैलांवरून येत असेल तर टब नसणं म्हणजे खेळू न देण्याचं पुरेसं कारण आहे.

शिक्षेच्या व्यायामाबद्दलही विचारा. २०२३ च्या जानेवारीत डॅलसजवळच्या एका शाळेत मुलांकडून एका सत्रात जवळपास ४०० पुश-अप करून घेतले गेले आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. स्नायू विरघळून त्यातला पदार्थ मूत्रपिंडात अडकतो. लघवी कोकसारखी गडद झाली, हात सुजून कडक झाले, तर त्याच रात्री रक्ततपासणी. मुलाला ही खूण आधी सांगून ठेवा, कारण शिक्षा झाली हे तो घरी सांगेलच असं नाही.

शारीरिक तपासणीचा फॉर्म घाईत भरू नका. त्यात 'कुटुंबात कोणी पन्नाशीच्या आत अचानक वारलं का' अशा आशयाचा प्रश्न असतो. आपण 'नाही' वर खूण करून मोकळे होतो. गावाकडे फोन करून नीट विचारा: चुलत आजोबा विहिरीत पोहताना गेले, मामा अडतिसाव्या वर्षी झोपेत गेला, ते कशाने? असं काही निघालं तर ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. ईसीजी मागता येतो हे शाळेने पालकांना कळवणं टेक्सासमध्ये २०१९ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. दुसरी गोष्ट सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेलचा वाहक असण्याचं प्रमाण लक्षणीय आहे. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाची ही चाचणी जन्मतःच होते, भारतात जन्मलेल्या मुलाची झालेली नसू शकते. वाहक असणं हा आजार नाही आणि खेळायला बंदीही नाही, पण अशा मुलाला लागोपाठ जीव तोडून स्प्रिंट मारायला लावले तर तो कोसळू शकतो. त्याला प्रत्येक धावेनंतर पुरेशी विश्रांती आणि 'बास' म्हणण्याची मुभा हवी. तुम्ही अकोल्याचे आहात म्हणून सांगतो, एक साधी रक्तचाचणी करून टाका.

आता डोक्याचा प्रश्न. टेक्सासचा २०११ चा कायदा स्वच्छ आहे: मेंदूला हादरा बसल्याचा संशय आला की मुलगा लगेच बाहेर, त्याच दिवशी परत खेळणं नाही. डॉक्टरची लेखी परवानगी, पालकांची सही आणि टप्प्याटप्प्याने परत येणं हे सगळं झाल्याशिवाय मैदान नाही. ती परवानगी कोच देऊ शकत नाही. कायदा असूनही गडबड होते, कारण संशय यायला मुलाने काही सांगावं लागतं, आणि मुलं सांगत नाहीत. मागे बदली खेळाडू नाही हे त्यांना माहीत असतं. काही मुलं तर मोसमाआधी स्मरणशक्ती आणि प्रतिसादाची नोंद ठेवायला घेतात त्या संगणकीय चाचणीत मुद्दाम वाईट उत्तरं देतात, म्हणजे नंतर हादरा बसला तरी गुण तेवढेच दिसतील. ही युक्ती लॉकर रूममध्ये सर्रास सांगितली जाते. घरी बसून मुलाला एवढं समजावा की पहिला हादरा भरला नसताना दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते आणि त्या वयातली मुलं त्यात दगावली आहेत.

सामन्याच्या रात्री घरी आल्यावर त्याला गप्पांत ओढा. कुठल्या क्वार्टरला काय झालं ते क्रमाने सांगता येतंय का? डोळ्यांवर प्रकाश नको वाटतोय का? वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, एका डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा मोठी, जीभ जड, यातलं काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सी. तसं नसेल आणि डॉक्टरांनी तपासलेलं असेल तर झोपू द्यायला हरकत नाही. पहिले दोन दिवस मोबाइल अगदी कमी, घरातल्या घरात हालचाल चालेल. दुखण्यावर लागली तर ॲसिटामिनोफेन, पहिल्या दिवशी आयबुप्रोफेन नको. मग आधी पूर्ण वेळ शाळा जमली पाहिजे, आणि लक्षणं गेल्यावर टप्पे: हलकी सायकल किंवा चालणं, मग धावणं, मग टक्कर नसलेली कवायत, मग पूर्ण सराव, मग सामना. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस. लक्षण परत आलं की एक टप्पा मागे. बहुतेक मुलं चार आठवड्यांच्या आत बरी होतात. 'सोमवारी लागलं, शुक्रवारी खेळला' हे या हिशोबात बसूच शकत नाही.

आणि डॉक्टर वडिलांसाठी खास: स्वतःच्या मुलाच्या परवानगीवर सही करू नका. छोट्या गावात डॉक्टरला टीम डॉक्टर म्हणून कडेला उभं राहायला आग्रहाने बोलावतात. मान मोठा असतो, पण पेशंट, कोच, शाळेच्या बोर्डाचा सदस्य आणि आपला मुलगा हे सगळे एकाच कुंपणाच्या आत येतात. सही दुसऱ्या गावातल्या, शक्यतो खेळांच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरकडून घ्या. त्याचं नाव आत्ताच ठरवून ट्रेनरला देऊन ठेवा.

हेल्मेट कवटी फुटू देत नाही. आत मेंदू हलायचा थांबत नाही, त्यामुळे महागडं हेल्मेट घेऊन निश्चिंत होऊ नका. तरी ते नीट बसलंय का ते पाहा: कड भुवयांच्या वर साधारण एक इंच, गालाचे पॅड गालाला चिकटलेले, चारही पट्टे आवळलेले, आणि हेल्मेट फिरवलं तर कपाळाची कातडी सोबत सरकली पाहिजे. केस कापले की परत तपासा. आतल्या लेबलवर वर्ष असतं. टेक्सासमध्ये १६ वर्षांचं किंवा त्याहून जुनं हेल्मेट शाळेला वापरता येत नाही, आणि १० वर्षांपुढचं दर दोन वर्षांनी दुरुस्त करून घ्यावं लागतं. मोसमात एका खेळाडूला पूर्ण टक्करीचा सराव आठवड्याला ९० मिनिटांपेक्षा जास्त नसावा, असाही नियम आहे. बुधवारी कुंपणाबाहेर उभं राहून दोनदा पाहिलं की तो पाळतात का ते कळतं.

वर्षानुवर्षं बसणाऱ्या छोट्या टकरींबद्दलही प्रामाणिकपणे बोलायला हवं. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधनात मेंदूदान केलेल्या खेळाडूंमध्ये खेळलेल्या वर्षांसोबत सीटीई या मेंदूच्या ऱ्हासाच्या विकाराची शक्यता वाढत गेलेली दिसली. दान करणाऱ्यांत आधीच त्रास असलेले जास्त असतात, म्हणून ते आकडे हायस्कूलच्या सगळ्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण किती वर्षं खेळलं याने फरक पडतो हे नक्की. चार वर्षं खेळणं आणि दहा वर्षं खेळणं एक नाही. धाकटा भाऊ असेल तर त्याला सहावी-सातवीपासून टॅकलला पाठवायची काही गरज नाही.

अभ्यासाच्या बाबतीत राज्याचा नियमच तुमच्या बाजूने आहे. १९८४ पासून टेक्सासमध्ये कुठल्याही विषयात ७० च्या खाली गुण आले की मुलाला सामने खेळता येत नाहीत. सध्या तीन आठवड्यांनी गुण सुधारले तर परत येता येतं, सराव मात्र करता येतो. काही वरच्या पातळीच्या विषयांना यातून सूट असते, कुठल्या ते शाळेकडून लिहून घ्या. इथे दडपण शिक्षकांवर येतं. ६८ चे ७० करून द्या, अशी गळ घातली जाते. चांगल्या खेळाडूला ते मिळतंही आणि त्यात त्याचंच नुकसान होतं. आठवड्याचा वेळ मोजा. शाळेच्या तासांतला अथलेटिक्सचा तास वेगळा, शाळेबाहेरचा सराव नियमाने शुक्रवारपर्यंत आठ तास, बाहेरगावचा सामना असेल तर बसने घरी यायला मध्यरात्र उलटते, शनिवारी सकाळी व्हिडिओ बघायला बोलावतात. गणित-विज्ञानाचा जड अभ्यास रविवार आणि सोमवारीच उरकावा लागतो. गुरुवारवर काही सोडू नका.

वजन वाढवण्याचं दडपण लाइनमनवर सगळ्यात जास्त. 'उन्हाळ्यात दहा किलो वाढव' असं सहज सांगितलं जातं. आठवड्याला पाव ते अर्धा किलो यापुढे वाढलं तर ती चरबीच असते, आणि ऑगस्टच्या उन्हात सर्वात आधी कोसळतात ती हीच जड मुलं. ७० किलोच्या मुलाला दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. शाकाहारी घरात ते जमतं, पण वरण-भातावर भागत नाही: तीन-चार पेले दूध किंवा दही, १०० ग्रॅम पनीर, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे, वर पोळ्या. अंडी चालत असतील तर आणखी सोपं. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. सामन्याआधीचं जेवण बूस्टर क्लब, म्हणजे टीमला मदत करणारं पालकांचं मंडळ देतं आणि त्यात बहुतेक वेळा गोमांस असतं. मोसमाच्या सुरुवातीलाच सांगितलं तर वेगळी सोय करतात, नाही सांगितलं तर मुलगा उपाशी खेळतो. जेवण सामन्याच्या तीन-चार तास आधी. व्यायामाआधी घ्यायच्या कॅफिनच्या पावडरी आणि अठराच्या आत क्रिएटिन, दोन्ही नको.

दुखणं लपवून खेळण्याबद्दल घरात साधी कसोटी ठेवा. लंगडत असेल तर बाहेर. दुखऱ्या पायावर दहा उड्या मारता येत नसतील तर बाहेर. टकरीनंतर एका हातात वीज गेल्यासारखं झालं तर ताकद पूर्ण परत येईपर्यंत बाहेर, दोन्ही हातांत किंवा पायांत मुंग्या आल्या तर हलवायचंच नाही, तो मानेचा मामला आहे. गोळी घेऊन खेळावं लागत असेल तर त्या दिवशी खेळ नाही. शिवाय मुलाला एक सोय करून द्या: त्याने ठरलेला एक शब्द मेसेज केला की 'त्याला आम्ही बसवतोय' असं तुम्ही ट्रेनरला सांगायचं. मुलाने स्वतः माघार घेतली तर मित्र बोलतात. आईवडिलांनी अडवलं तर मित्र तुम्हाला नावं ठेवतील, त्याला नाही. तुम्ही तेवढं सोसा.

शिष्यवृत्तीची भाषा मोसमाच्या मध्यावर सुरू होते. कॉलेजांचे सामने चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्याच आकडेवारीनुसार हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणाऱ्यांपैकी साधारण ७ टक्के मुलं पुढे तिच्या कुठल्याही विभागात खेळतात, डिव्हिजन वन या सर्वात वरच्या विभागात ३ टक्क्यांच्या आत, आणि डिव्हिजन थ्री खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाही. 'अजून थोडं सोस, कॉलेज फुकट होईल' असं कोणी म्हणालं तर हे आकडे मुलासमोर ठेवा.

नाही म्हणायचं ठरलं तर? एकटं पडण्याची भीती खरी आहे, पण शुक्रवारच्या रात्रीत फक्त खेळाडू नसतात. बँड असतो, सामन्याचं चित्रीकरण करणारे असतात, ट्रेनरच्या हाताखाली शिकणारे विद्यार्थी असतात. टेक्सासमध्ये बँड हा फुटबॉलएवढाच गंभीर मामला आहे. यातलं काही घेतलं की मुलगा त्या रात्री बसमध्येही असतो आणि मैदानावरही. मधेच सोडायची वेळ आली तर मेसेजने सोडू नये. सरावाच्या आधी स्वतः जाऊन कोचला भेटावं, साहित्य धुऊन परत करावं. काही शाळांत एक खेळ मधेच सोडला तर त्याचा मोसम संपेपर्यंत दुसरा सुरू करता येत नाही. बास्केटबॉल किंवा ट्रॅक खेळायचा विचार असेल तर हा नियम आधी विचारा. तक्रार करायची झाली आणि कोचच अथलेटिक डायरेक्टर असेल तर थेट मुख्याध्यापकांकडे, मग सुपरिंटेंडेंट (गावच्या शाळांचे प्रमुख अधिकारी), मग शाळांचं बोर्ड. सगळं लेखी आणि तारखेसह. गावाच्या फेसबुक ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका.

शेवटी मोठ्या दुखापतीनंतरचे महिने. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर परत यायला नऊ महिने किंवा जास्त लागतात, आणि शस्त्रक्रियेची काळजी घेताना मुलाकडे दुर्लक्ष होतं. शुक्रवारी ज्याचा नंबर अख्खं गाव ओरडत होतं, त्याला ऑक्टोबरमध्ये कोणी फोन करत नाही. झोप उडणं, दर गुरुवारी रात्री पोटात दुखणं, जेवण टाकणं, मित्रांना टाळणं यांकडे 'नाराज आहे' म्हणून बघू नका. शाळेच्या समुपदेशकाशी बोला, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला तर अमेरिकेत ९८८ वर कुठल्याही वेळी फोन किंवा मेसेज करता येतो. कोचला सांगून त्याला रोजच्या सरावात काहीतरी नेमून द्या: व्हिडिओतले डाव मांडणं, पाणी, जेव्हीच्या मुलांना शिकवणं. कुबड्या असल्या तरी तो बसमध्ये टीमसोबत बसला पाहिजे. ही मागणी करायला संकोच करू नका, बहुतेक कोच आनंदाने हो म्हणतात.